पाच वर्षांच्या आत निवृत्त झालेली युद्धनौका: अमेरिकी नौदलाच्या एका निर्णयामागचा हिशेब

१४ ऑगस्ट २०२३ रोजी फ्लोरिडा राज्यातील मेपोर्ट नौदल तळावर ‘सू सिटी’ या अमेरिकी युद्धनौकेला सेवेतून निरोप देण्यात आला. ही नौका १७ नोव्हेंबर २०१८ रोजी अॅनापोलिस येथील नौदल अकादमीत समारंभपूर्वक दाखल झाली होती, म्हणजे तिच्या सेवेची पाच वर्षेही भरली नव्हती. आराखड्यात तिचे आयुष्य २५ वर्षांचे धरलेले होते आणि बांधणीवर सुमारे ३६ कोटी डॉलर खर्च झाले होते. तिला जलसमाधी मिळाली नव्हती, आग लागली नव्हती, टक्करही झाली नव्हती. उलट, आदल्याच वर्षी ती अटलांटिक ओलांडून भूमध्य समुद्र आणि पश्चिम आशियाच्या सागरी क्षेत्रात मोहीम करून परतली होती. २०२३ मध्येच तिच्या वर्गातील, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेल्या, ‘मिलवॉकी’, ‘डेट्रॉइट’ आणि ‘लिटल रॉक’ या नौकाही सेवामुक्त झाल्या आणि त्यांपैकी एकीनेही आठ वर्षांचा टप्पा गाठला नव्हता.

चालती नौका मोडीत काढणे म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी, असेच पहिल्या नजरेला कोणालाही वाटेल. माझे मत मात्र असे आहे की इथे नासाडी निश्चित झाली, पण ती २०२३ मध्ये झाली नाही. ती त्याआधी पंधरा-वीस वर्षे, आराखडा आणि खरेदीच्या टप्प्यावर होऊन गेली होती. निवृत्तीच्या निर्णयाने ती फक्त सर्वांच्या नजरेस आणली. हे पटण्यासाठी युद्धनौकेचे आयुष्य नेमके कशावर ठरते, तेथून सुरुवात करावी लागेल.

नौकेचा सांगाडा नीट सांभाळला तर तो तीस-चाळीस वर्षे टिकतो. आपल्याकडची उदाहरणे पाहिली तर मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘गोदावरी’ १९८३ मध्ये दाखल झाली आणि २०१५ मध्ये निवृत्त झाली; ‘राजपूत’ ही विनाशिका १९८० पासून २०२१ पर्यंत सेवेत होती. परंतु सांगाडा शाबूत असणे ही फक्त पहिली अट आहे. नौका चालवायला दरवर्षी इंधन, सुटे भाग, गोदीतील दुरुस्ती, दारूगोळा आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षित माणसे लागतात. वीस-पंचवीस वर्षांत हा खर्च साठत साठत अनेकदा बांधणीच्या मूळ किमतीच्याही पुढे जातो. त्यामुळे नौदलाला दरवर्षी एकच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: या नौकेवर पुढे जो पैसा आणि जी माणसे लागणार आहेत, त्या बदल्यात ती जे काम करील ते त्या मोलाचे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येण्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी नौका धडधाकट असते, पण शस्त्रे मागे पडलेली असतात. ‘टायकोंडेरोगा’ वर्गातील पहिल्या पाच क्रूझर नौकांना उभ्या नळ्यांतून क्षेपणास्त्रे सोडण्याची नवी व्यवस्था नव्हती, म्हणून अमेरिकेने त्यांना अठरा ते एकवीस वर्षांतच निवृत्त केले. कधी माणसेच पुरत नाहीत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अल्बियन’ आणि ‘बुलवर्क’ या दोन मोठ्या नौका निवृत्त करण्याची घोषणा केली; कागदावर त्या २०३३-३४ पर्यंत राहणार होत्या, पण प्रत्यक्षात त्या धक्क्याला बांधून ठेवलेल्या होत्या आणि पुन्हा समुद्रावर जाण्याची योजनाच नव्हती. त्याच घोषणेतील ‘नॉर्थम्बरलँड’ ही फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका, दुरुस्तीला घेतली असता तिच्या सांगाड्याची हानी इतकी निघाली की दुरुस्ती परवडणारी नव्हती. ‘सू सिटी’चे प्रकरण यांपैकी कोणत्याही चौकटीत सरळ बसत नाही, कारण ती ना जुनी होती, ना निकामी. तिच्याबाबत घडले ते असे की ज्या कामासाठी ती बांधली, ते कामच तिच्या हातून काढून घेतले गेले.

ऑक्टोबर २००० मध्ये येमेनमधील एडन बंदरात ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेवर स्फोटकांनी भरलेली लहान बोट आदळवण्यात आली आणि १७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. खोल समुद्रात महाशक्तीशी लढण्यासाठी बांधलेल्या अवजड नौका किनाऱ्याजवळच्या उथळ, गजबजलेल्या पाण्यात किती असुरक्षित ठरतात, हे त्या घटनेने दाखवून दिले. शीतयुद्ध संपलेले होते आणि पर्शियन आखातासारख्या अरुंद पाण्यात वेगवान बोटी, पाणसुरुंग आणि डिझेलवर चालणाऱ्या शांत पाणबुड्या हेच पुढचे संकट आहे, असे अमेरिकी नौदलाला वाटत होते. यातून २००१ च्या अखेरीस ‘लिटोरल कॉम्बॅट शिप’, म्हणजे किनाऱ्यालगत लढणारी लहान नौका, ही योजना जाहीर झाली. पन्नासहून अधिक नौका बांधायच्या, प्रत्येकीची किंमत सुमारे २२ कोटी डॉलर ठेवायची, खलाशी मोजके ठेवायचे आणि वेग ४० नॉटच्या पुढे न्यायचा, असा संकल्प होता. ४० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. सामान्य विनाशिका तीस नॉटच्या थोडी पुढे जाते.

माझ्या मते या योजनेचे पुढे जे झाले, त्याचे सर्वांत मोठे मूळ या वेगाच्या अटीत आहे. पाण्यात वेग वाढवायचा तर त्यासाठी लागणारी शक्ती त्याच प्रमाणात वाढत नाही, ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. २८ नॉटवरून ४० नॉटवर जायचे तर जवळजवळ तिप्पट. एवढी शक्ती तीनएक हजार टनांच्या नौकेत कोंबायची म्हणजे इंजिनांनी आणि इंधनाने बहुतेक जागा व्यापणार, आणि शस्त्रे, चिलखत, राखीव यंत्रणा यांच्या वाट्याला थोडेच वजन उरणार. शिवाय क्षेपणास्त्र ध्वनीच्या आसपासच्या किंवा त्याहून अधिक वेगाने येते. त्याच्यापासून पळण्यासाठी दहा नॉट अधिक असून फारसे साधत नाही. पेंटागॉनच्या चाचणी विभागाने आपल्या अहवालांतून वारंवार नोंदवले की तीव्र युद्धात मार बसल्यास या नौका तग धरतील अशी अपेक्षा नाही.

या योजनेतील नौका दोन आराखड्यांवर बांधल्या गेल्या; त्यांतील ‘फ्रीडम’ वर्गात, म्हणजे ‘सू सिटी’च्या वर्गात, या वेगासाठी जी रचना केली, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. नौकेत दोन डिझेल इंजिने आणि दोन गॅस टर्बाइन आहेत. डिझेल इंजिने सावकाश, काटकसरीने प्रवास करण्यासाठी, आणि टर्बाइन वेगासाठी. पूर्ण वेग हवा असेल तेव्हा दोन्हींची शक्ती एकत्र करून ती पाणी मागे फेकणाऱ्या चार वॉटरजेटकडे पाठवावी लागते. हे एकत्रीकरण ज्या गिअरपेटीत होते, ती या नौकेची नस आहे. धिम्या, दमदार चालीची एक बैलजोडी आणि भरधाव पळणारी दुसरी बैलजोडी एकाच जुवाला जोडली तर सगळा ताण जुवावर येतो, तसा इथे सगळा ताण या पेटीतील दातेरी चाकांवर, क्लचवर आणि बेअरिंगांवर येतो.

‘मिलवॉकी’ २१ नोव्हेंबर २०१५ रोजी दाखल झाली आणि तीन आठवड्यांच्या आत, ११ डिसेंबरला, भर समुद्रात बंद पडली. वंगणाच्या गाळणीत धातूचा कीस सापडला होता आणि क्लच सुटायचा तेथे सुटला नव्हता. नव्या कोऱ्या युद्धनौकेला चाळीसएक सागरी मैल दोरखंडाने ओढत व्हर्जिनियातील तळावर न्यावे लागले. पुढच्याच महिन्यात सिंगापूरला ‘फोर्ट वर्थ’च्या गिअरपेटीत वंगण न सोडता यंत्रे चालवली गेली आणि पेटीचे मोठे नुकसान झाले. ती चूक माणसांची होती, पण मोजक्या खलाशांवर कामाचा किती भार टाकायचा, हा प्रश्न तिने पुढे आणलाच. २०२० मध्ये ‘डेट्रॉइट’ आणि ‘लिटल रॉक’ मोहिमेवर असताना त्यांच्या याच यंत्रणेत बिघाड झाले. तपासात बेअरिंगांच्या रचनेतच दोष असल्याचे निष्पन्न झाले, म्हणजे हा एखाद्या नौकेचा नव्हे, संपूर्ण वर्गाचा दोष होता. जानेवारी २०२१ मध्ये नौदलाने या वर्गाच्या नव्या नौका ताब्यात घेणेच थांबवले. दुरुस्ती सापडली, नव्या नौकांना ती करूनच स्वीकारण्यात आले. जुन्या प्रत्येक नौकेत मात्र पेटी उघडून तेच काम करायचे होते, आणि त्याचा पैसा व वेळ वेगळा काढायचा होता.

एवढ्यावरही भागले असते. यंत्राचा दोष दुरुस्त होतो. उद्देशाचा दोष तसा होत नाही. या नौकांची मूळ कल्पना अशी होती की नौका म्हणजे रिकामी चौकट असेल आणि तिच्यावर कामानुसार साहित्याचा संच चढवायचा: पाणसुरुंग शोधण्याचा एक, पाणबुड्या शोधण्याचा दुसरा, लहान बोटींशी लढण्याचा तिसरा. काही दिवसांत एक संच उतरवून दुसरा चढवता येईल, असे सांगितले गेले. कागदावर ही कल्पना फार देखणी आहे. प्रत्यक्षात संच बदलायचा तर दुसरा संच आणि तो चालवणारी माणसे जगाच्या नेमक्या त्याच बंदरात तयार हवीत. २०१६ मध्ये नौदलाने ही अदलाबदल सोडून दिली आणि प्रत्येक नौकेला एकच काम नेमून दिले. दरम्यान संचही एकामागून एक अडत होते. लहान बोटींवर मारा करण्यासाठी जे क्षेपणास्त्र घ्यायचे ठरले होते, तो प्रकल्प २०१० मध्ये भूदलाने रद्द केला. दुरून चालणारी पाणसुरुंगशोधक यंत्रणा २०१६ मध्ये गुंडाळली गेली. ‘फ्रीडम’ वर्गाच्या बऱ्याच नौकांकडे पाणबुडीशोधाचे काम येणार होते आणि त्याचा आधार होता नौकेमागे पाण्यात खोलवर ओढत न्यायचा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणारे यंत्र. हा सोनार तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला नाही, आणि चिनी पाणबुड्यांपुढे ज्या यंत्रणेचा निभाव लागणार नाही तिच्यावर आणखी एक डॉलरही घालणार नाही, अशी भूमिका तत्कालीन नौदलप्रमुख अॅडमिरल माइक गिल्डे यांनी २०२२ मध्ये संसदेपुढे घेतली. संच रद्द झाला आणि नौकांपुढचे कामच संपले.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, ती म्हणजे खरेदीचा क्रम. पहिली नौका ‘फ्रीडम’ २००८ मध्ये दाखल झाली आणि दुसरी, ‘इंडिपेंडन्स’, २०१० मध्ये. या दोन्ही अगदी वेगळ्या कंपन्यांनी वेगळ्या आराखड्यांवर बांधल्या होत्या: पहिली पोलादी, एकाच सांगाड्याची, विस्कॉन्सिनमधील मॅरिनेट येथील गोदीत, दुसरी अॅल्युमिनियमची, तीन सांगाड्यांची, अलाबामातील मोबिल येथे. दोहोंची किंमत ठरलेल्या रकमेच्या दुपटीहून पुढे गेली. बांधणी सुरू असतानाच, २००७ मध्ये, पुढच्या दोन नौकांची कंत्राटे खर्चामुळे रद्द करावी लागली होती. दोन्ही आराखड्यांची तुलना करून एक निवडायचा, असे ठरलेले असताना २०१० च्या अखेरीस दोन्ही गटांना प्रत्येकी दहापर्यंत नौकांची ऑर्डर देण्यात आली. तोवर एकही संच पूर्णपणे सिद्ध झालेला नव्हता. दोन आराखडे ठेवल्याने सुट्या भागांचे दोन साठे, दोन प्रशिक्षणक्रम आणि दुरुस्तीच्या दोन पद्धती कायमच्या मागे लागल्या. त्यातच खलाशी कमी असल्याने देखभालीचे मोठे काम कंत्राटदारांच्या माणसांकडे होते. नौका परदेशी बंदरात असली तर ती माणसे अमेरिकेहून विमानाने न्यावी लागत. नौकेच्या यंत्रांची संपूर्ण तांत्रिक माहिती नौदलाच्या हाती नव्हती, त्यामुळे हे अवलंबित्व सहज सुटणारेही नव्हते.

पुढे संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी २०१४ मध्ये आणि अॅश्टन कार्टर यांनी २०१५ मध्ये एकूण संख्या कमी करण्याचे आदेश दिले. तरीही गोद्यांमधला रोजगार, त्या त्या राज्याचे लोकप्रतिनिधी आणि आधीच दिलेली कंत्राटे यांमुळे बांधणी सुरूच राहिली आणि अखेर ३५ नौका झाल्या. गोदीत काम करणाऱ्यांचा रोजगार ही क्षुल्लक बाब नाही, पण तो टिकवण्यासाठी नौदलाच्या गळ्यात उपयोगाविना नौका बांधणे हा महागडा मार्ग आहे.

मार्च २०२२ मध्ये नौदलाने अंदाजपत्रकात २४ जहाजे निवृत्त करण्याचा प्रस्ताव मांडला. पाच वर्षांत सुमारे ३६० कोटी डॉलर वाचतील, असा अंदाज दिला होता. त्या यादीत ‘फ्रीडम’ वर्गाच्या नऊ नौका होत्या, त्यांतील ‘सेंट लुईस’ तर ऑगस्ट २०२० मध्येच दाखल झालेली होती. संसदेत खळबळ माजली. चीनचे नौदल नौकांच्या संख्येत अमेरिकेच्या पुढे गेले असताना आपण नव्या नौका काढून टाकायच्या काय, हा विरोधकांचा मुद्दा होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. नौका धीमी असो वा कमकुवत, मादक द्रव्यांची तस्करी रोखणे, मित्रदेशांबरोबर गस्त घालणे, ध्वज दाखवणे ही कामे ती करू शकते. ती नसेल तर त्याच कामासाठी कितीतरी पटींनी महागडी विनाशिका अडकून पडते. अखेर संसदेने नऊपैकी चारच नौका सोडायला परवानगी दिली आणि पाच वाचवल्या. ‘सू सिटी’ त्या चारांत होती.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. ‘सू सिटी’च्या बांधणीचे ३६ कोटी डॉलर ती ठेवली तरी परत येणार नव्हते आणि काढली तरी येणार नव्हते. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात आणि निर्णय घेताना तो बाजूला ठेवायचा असतो, कारण हातात असतो तो फक्त पुढचा खर्च. गिअरपेटीची दुरुस्ती, वीस वर्षांचे इंधन आणि देखभाल, दरवर्षी सत्तरएक किंवा अधिक नौसैनिक, हे सगळे एका पारड्यात. आणि पाणबुडीशोधाचे काम गेल्यावर उरलेली गस्त दुसऱ्या पारड्यात. प्रशिक्षित खलाशी हे तर पैशापेक्षाही दुर्मीळ साधन आहे, आणि धक्क्याला बांधून ठेवलेल्या नौकेवरचा प्रत्येक अनुभवी तंत्रज्ञ दुसऱ्या नौकेवर कमी पडतो. हे पाहता नौदलाचा निर्णय मला योग्य वाटतो. पण ज्या करदात्यांनी हे पैसे दिले आणि ज्या नौसैनिकांनी वर्षानुवर्षे त्या अपुऱ्या नौकांवर राबून त्या चालवल्या, त्यांना ‘निर्णय योग्य होता’ एवढे सांगून भागत नाही. चाचणीपूर्वी ऑर्डर देण्याचा निर्णय कोणी आणि का घेतला, हे विचारण्याचा त्यांचा हक्क आहे.

सेवामुक्त होताना नौकेच्या डोलकाठीवरची, दाखल झाल्या दिवसापासून फडकत असलेली चिंचोळी पताका उतरवली जाते आणि खलाशी शेवटचे खाली उतरतात. त्यानंतर चार वाटा असतात. नौका राखीव म्हणून बंद करून ठेवणे, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवून, समुद्राकडची सारी भोके बुजवून ती धक्क्याला बांधणे, मित्रदेशाला विकणे, सरावात लक्ष्य म्हणून बुडवणे, किंवा तोडून भंगारात काढणे. विकण्याचा मार्ग खरेदीदाराला लाभदायक ठरू शकतो. आपली ‘विराट’ याचेच उदाहरण आहे. ब्रिटनने १९५९ मध्ये दाखल केलेली ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका त्यांना नको झाल्यावर भारताने घेतली, १९८७ मध्ये ती ‘विराट’ झाली आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे आपल्या ताफ्यात राहिली. मात्र तिचे सामर्थ्य आणि यंत्रे सिद्ध झालेली होती. गिअरपेटीची शंका असलेली, संच नसलेली नौका घेणाऱ्याला तिचा सगळा खर्च नव्याने मांडावा लागतो.

या योजनेतील सर्वच नौका निरुपयोगी ठरल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘इंडिपेंडन्स’ वर्गाच्या नौकांनाही सांगाड्यात तडे जाण्याचा त्रास झाला, पण त्यांवर जहाजभेदी क्षेपणास्त्रे बसवली गेली आणि पाणसुरुंगशोधाचा संच २०२३ मध्ये अखेर वापरायोग्य ठरला. २०२५ मध्ये ‘कॅनबेरा’ ही याच वर्गाची नौका तो संच घेऊन बहरीनला पोहोचली आणि तेथे अनेक दशके काम केलेल्या जुन्या लाकडी सांगाड्याच्या सुरुंगशोधक नौकांची जागा घेऊ लागली. जिथे कामाला साजेसे साहित्य मिळाले, तिथे नौका ठेवण्याचा हिशेब जुळला.

‘फ्रीडम’ वर्गाच्या उणिवा भरून काढण्यासाठी अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ या नव्या फ्रिगेटची ऑर्डर त्याच मॅरिनेटच्या गोदीला दिली. या वेळी इटालियन-फ्रेंच नौदलांत चाललेला, सिद्ध झालेला आराखडा घ्यायचे ठरले, पण त्यात इतके बदल मागितले गेले की मूळ आराखड्याशी साम्य फारच थोडे उरले, आणि आराखडा पूर्ण होण्यापूर्वी २०२२ मध्ये बांधणी सुरू झाली. पहिली नौका सुमारे तीन वर्षे मागे पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलाने ऑर्डर दिलेल्या सहांपैकी चार नौका रद्द केल्या. बांधणी सुरू असलेल्या दोनच पुढे न्यायचे ठरले.